ईआरपीच्या कोटेशनमधले शब्द: सही करण्याआधी काय विचारावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भोसरीत मशीनिंगचं युनिट, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, चाकणच्या दोन गाडी कंपन्यांना माल जातो. आजवर टॅली आणि एक्सेलवर निभावलं, आता ईआरपी, म्हणजे खरेदी, स्टोअर्स, उत्पादन, बिलं सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, घ्यायचंय आणि ते २५ जण वापरतील. तीन कोटेशनं आलीत. पहिलं १८ लाखांचं, वर दरसाल १८ टक्के एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार. दुसरं ३१ लाखांचं, एएमसी तेवढ्याच टक्क्यांची, पण सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ प्रोग्रॅम) देणार म्हणतात. तिसरं दरमहा दर युजरमागे १,४०० रुपये. तिन्हींत स्कोप, सीआर, अजाइल, एपीआय, यूएटी, एसएलए यांची नुसती पेरणी आहे आणि तुम्ही बी.कॉम. झालेले. कोणतं घ्यावं?

सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या बाजूला बरीच वर्षं काढली आणि आता तुमच्यासारख्या घेणाऱ्यांच्या बाजूला बसतो, म्हणून सांगतो. या शब्दांमागचं तंत्रज्ञान तुम्हाला शिकायची गरज नाही. प्रत्येक शब्दापाशी थांबून तीन गोष्टी विचारायच्या: काम वाढलं तर पैसे कोण देणार, बंद पडलं तर भुर्दंड कोणावर, आणि उद्या यांच्याशी पटलं नाही तर आपण काय घेऊन बाहेर पडणार. कोटेशनमधला जवळजवळ प्रत्येक शब्द यांतल्या एका प्रश्नाचं उत्तर असतो. मात्र ते उत्तर सहसा विकणाऱ्याच्या सोयीचं लिहिलेलं असतं.

सुरुवात स्कोपपासून, म्हणजे ठरलेल्या कामाच्या व्याप्तीपासून करू, कारण १८ आणि ३१ लाखांमधला फरक बहुतेक तिथेच दडलाय. कोटेशनात ‘इन्व्हेंटरी मॉड्यूल’ एवढंच लिहिलेलं असतं. तुमच्याकडे इन्व्हेंटरी म्हणजे काय काय असतं ते बघा. कास्टिंग येतं, टर्निंग होतं, मग माल प्लेटिंगला बाहेर जातो. बाहेर गेलेला माल चलनावर जातो आणि जीएसटी कायद्याप्रमाणे तो वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाही आला तर पाठवला त्या दिवशीच विकला असं धरतात. ५०० नग गेले, ४८० आले, १२ प्लेटरने रिजेक्ट केले, ८ कुठे गेले ते प्लेटरलाच ठाऊक. हा हिशेब रेडीमेड मॉड्यूलमध्ये बसतो का? ‘हो, होईल’ हे उत्तर धरू नका. ‘आत्ता आहे, दाखवतो’ आणि ‘करून देऊ’ या दोन उत्तरांमध्ये काही लाखांचं अंतर असतं. करून देण्याला ते कस्टमायझेशन म्हणतात, आणि सही झाल्यानंतर आठवलेल्या कस्टमायझेशनला चेंज रिक्वेस्ट, म्हणजे सीआर.

सीआर वाईट नाही. धंदा बदलतो, तशा गरजा बदलतात. पण सीआरचा मॅन-डेचा, म्हणजे एका माणसाच्या एका दिवसाच्या कामाचा, दर आजच ठरवून घ्या आणि करारात एक ओळ घाला: अंदाज लेखी मिळेल, आमची लेखी मंजुरी मिळाल्याशिवाय काम सुरू होणार नाही. ही ओळ नसली की पहिलं कोटेशन कमी लावून सीआरवर वसुली करता येते. सगळेच तसं करतात असं नाही, पण वाट मोकळी ठेवायची कशाला?

‘फिक्स्ड प्राइस’ म्हणजे ठरलेलं काम ठरलेल्या पैशात. काम वाढायचा धोका त्यांचा, म्हणून ते स्कोप घट्ट बांधतात. ‘टी अँड एम’ म्हणजे माणसं जितके दिवस काम करतील तितके पैसे, धोका तुमचा. आणि अजाइल? २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या यूटा राज्यात १७ सॉफ्टवेअरवाले जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा लिहिला. त्याचं सार असं की वर्षभराचा आराखडा आधीच कोरून ठेवण्यापेक्षा थोडं करा, चालतं करून ग्राहकाला दाखवा, त्याचं ऐका, पुढचं ठरवा. दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्याला स्प्रिंट म्हणतात. पद्धत चांगली आहे. कोटेशनात मात्र ती जे लपवते ते असं: दर स्प्रिंटला डेमो बघून ‘हे आमच्यासारखं नाही’ असं सांगणारा तुमचा माणूस लागतो. त्याला ते प्रॉडक्ट ओनर म्हणतात. तुमच्याकडे हा माणूस म्हणजे स्टोअर्स आणि डिस्पॅच दोन्ही कोळून प्यालेले जे कोणी ज्येष्ठ असतील ते, आणि नेमकी त्यांनाच वेळ नसते. त्यांच्या आठवड्यातला एक दिवस मोकळा करणार नसाल तर अजाइल घेऊ नका, फिक्स्ड घ्या. ‘अजाइल पण फिक्स्ड प्राइस’ असं कोणी म्हणालं तर विचारा, स्कोप बदलला तर किंमत बदलणार की नाही? उत्तर ऐकण्यासारखं असतं.

प्रोजेक्ट रखडला की ‘अजून दोन माणसं लावतो’ असं आश्वासन मिळेल. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रणालीचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो. त्यामुळे ‘माणसं किती’ हे सोडा, ‘या महिन्यात कोणता भाग वगळून बाकीचं चालू करता येईल’ हे विचारा.

आता एपीआय. दोन वेगवेगळी सॉफ्टवेअर माणसाच्या मध्यस्थीशिवाय एकमेकांना माहिती देतात-घेतात, त्यासाठी ठरवून ठेवलेली वाट म्हणजे एपीआय. तुमचं रोजचं उदाहरण ई-इन्व्हॉइसचं. ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ते बंधनकारक आहे. ईआरपीत बिल तयार होतं, एपीआयवरून सरकारी पोर्टलकडे जातं, तिथून ६४ अक्षरांचा आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि सही केलेला क्यूआर कोड परत येतो, मग बिल छापलं जातं. उलाढाल १० कोटींच्या वर असेल तर १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत ते पोर्टलवर चढलंच पाहिजे. दुसरा एपीआय गाडी कंपनीच्या पोर्टलचा: शेड्यूल खाली घ्यायचं, एएसएन (माल निघाल्याची आगाऊ सूचना) वर चढवायचा. तिसरा टॅलीशी, जर हिशेब टॅलीतच ठेवणार असाल तर.

कोटेशनात या सगळ्याला ‘एपीआय इंटिग्रेशन समाविष्ट’ असे तीन शब्द असतात. तुम्ही विचारायचं ते असं. कोणते एपीआय, नावानिशी लिहा. गाडी कंपनीचं पोर्टल खरंच एपीआय देतं का, की फक्त एक्सेल अपलोड? एपीआय द्यायचा की नाही ते गाडी कंपनी ठरवते, तुमचा सॉफ्टवेअरवाला काही करू शकत नाही. नसेल तर ‘इंटिग्रेशन’ म्हणजे तुमच्याच ऑफिसातला मुलगा रोज फाइल अपलोड करणार. समोरच्याने त्यांचा एपीआय बदलला तर इकडची दुरुस्ती एएमसीत की सीआरमध्ये? सरकारी पोर्टलचे नियम बदलत राहतात, म्हणून त्या बदलांपुरतं ‘एएमसीत’ असं लिहूनच घ्या. आणि शेवटचं: संध्याकाळी सातला ट्रक गेटवर उभा आहे आणि पोर्टल बंद, तेव्हा काय होतं? चांगलं सॉफ्टवेअर बिल रांगेत ठेवतं, पोर्टल उठलं की स्वतः पुन्हा पाठवतं, आणि तोवर काय अडकलंय ते स्क्रीनवर दाखवतं. वाईट सॉफ्टवेअर ‘एरर ५००’ दाखवून गप्प बसतं. हा प्रसंग डेमोत करून दाखवायला सांगा, इंटरनेटची वायर काढून.

यूएटी म्हणजे तुमच्या माणसांनी, तुमच्या आकड्यांवर, ताबा घेण्याआधी करायची तपासणी. हे काम गंभीरपणे घ्या, कारण पैशाचा मोठा हप्ता त्याच्या सहीवर सुटतो. करारात बहुधा ‘डीम्ड ॲक्सेप्टन्स’चं कलम असतं: इतक्या दिवसांत तक्रार आली नाही तर काम मान्य झालं असं समजू. तुमचा सॉफ्टवेअरवाला सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर हे नुसत्या करारापुरतं राहत नाही. एमएसएमई विकास कायदा, २००६ प्रमाणे सेवा मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ती स्वीकारलीच असं धरलं जातं. तिथून पैसे द्यायला करारातही ४५ दिवसांपलीकडे मुदत ठेवता येत नाही, आणि थकलं तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तेव्हा फोनवर ‘अहो, ते रिपोर्ट चुकतायत’ म्हणून भागत नाही. मेल करा, त्याच दिवशी, स्क्रीनचा फोटो जोडून.

यूएटी ज्या नकली सर्व्हरवर होते त्याला स्टेजिंग म्हणतात, आणि खऱ्या चालू सर्व्हरला प्रॉडक्शन. (‘प्रॉडक्शन डाऊन आहे’ असा मेल आला तर लगेच शॉप फ्लोअरवर धावू नका.) जुनी माहिती नव्यात भरणं म्हणजे डेटा मायग्रेशन. त्यातलं अवघड काम सॉफ्टवेअरवाल्याच्या वाट्याला येत नाही, ते तुमच्याच घरात आहे. एकाच बेअरिंगची एक्सेलमध्ये चार नावं असतील तर ईआरपीतही चार बेअरिंग तयार होतील. आयटम मास्टर साफ करायला आजपासून कोणाला तरी बसवा, कोटेशन कोणाचंही घ्या.

एसएलएवर, म्हणजे सेवा किती चालू राहील याच्या लेखी हमीवर, थोडं रेंगाळतो, कारण इथे आकडे फसवतात. ‘९९.५ टक्के अपटाइम’ ऐकायला पैकीच्या पैकी वाटतं. वर्षाचे ८,७६० तास, त्याचा अर्धा टक्का म्हणजे जवळपास ४४ तास बंद राहिलं तरी त्यांनी शब्द पाळला. ९९.९ टक्के म्हटलं तर पावणेनऊ तास. शिवाय बारीक अक्षरात ‘नियोजित देखभाल वगळून’ असतं. ती देखभाल कधी? बाणेर-हिंजवडीच्या कंपन्यांना शनिवार-रविवार सुट्टी, म्हणून त्यांची देखभाल शनिवारी रात्री आणि सपोर्ट सोमवार ते शुक्रवार. तुमची साप्ताहिक सुट्टी भोसरीतल्या बहुतेकांसारखी गुरुवारी असेल, तर शनिवार-रविवार तुमच्याकडे पूर्ण शिफ्ट चालू आणि फोन उचलायला कोणी नाही. एकही रुपया न वाढवता मागता येणारी गोष्ट ही: देखभाल बुधवारी रात्री किंवा गुरुवारी, आणि शनिवार-रविवारी निदान एक नंबर उचलला जाईल. नवं सॉफ्टवेअर चालू करायचा दिवसही गुरुवार धरा. शुक्रवारी संध्याकाळी चालू करून सगळे घरी गेले, असा प्रकार नको.

‘रिस्पॉन्स टाइम ३० मिनिटं’ म्हणजे अर्ध्या तासात ‘तुमची तक्रार मिळाली’ असा मेल येणार. दुरुस्तीची वेळ वेगळी, तिला रिझोल्यूशन टाइम म्हणतात आणि ती बऱ्याचदा लिहिलेलीच नसते. एसएलए मोडला तर मिळतो तो सर्व्हिस क्रेडिट, म्हणजे पुढच्या बिलात थोडी सूट. तुमच्यामुळे गाडी कंपनीची लाइन थांबली तर येणारा डेबिट नोटचा आकडा आणि ही सूट यांची गाठ कधीच पडत नाही. ते नुकसान कोणताही सॉफ्टवेअरवाला अंगावर घेणार नाही, त्यावरून भांडत बसू नका. त्यापेक्षा सॉफ्टवेअर बंद असताना चलन हाताने कसं काढायचं याची सोय तुमच्याकडे हवी.

बॅकअपचे दोन आकडे मागा. आरपीओ: शेवटचा बॅकअप आणि बिघाड यांत जास्तीत जास्त किती तासांची नोंद गमवावी लागेल. आरटीओ: पुन्हा उभं राहायला किती तास लागतील. (गाड्यांच्या आरटीओशी संबंध नाही, पण ताटकळणं तेच.) रोज रात्री एकदाच बॅकअप असेल तर आरपीओ २४ तासांचा, म्हणजे दिवसभराच्या सगळ्या एंट्र्या पुन्हा. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच नेटवर्कला कायम जोडलेली असेल तर रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) सर्व्हरसोबत तिलाही कुलूप लावतं. जुना नियम चांगला आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक आवाराबाहेर. आणि तिमाहीत एकदा बॅकअपमधून प्रत्यक्ष उभं करून दाखवा, असं करारात घाला. उघडून न बघितलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधला भाड्याचा सर्व्हर. ‘आमचा डेटा परदेशात जाईल’ ही तुमची शंका विचारून मोकळे व्हा. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ पासून आहे आणि मायक्रोसॉफ्टच्या अझूरचं ‘सेंट्रल इंडिया’ नावाचं केंद्र तर पुण्यातच आहे. कोणतं वापरणार ते लिहून घ्या. तुम्ही कंपनी असल्यामुळे हिशेबाच्या नोंदींचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं कंपनी कायद्याच्या नियमांत आहेच, शिवाय १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल हवा: कोणती नोंद कधी, कोणी बदलली याचा बंद न करता येणारा माग. ऑडिटरला त्यावर अहवालात लिहावं लागतं. ईआरपीतूनच हिशेब ठेवणार असाल तर ही अट पहिल्या पानावर.

सास म्हणजे तिसरं कोटेशन: सॉफ्टवेअर त्यांच्याकडे, तुम्ही वर्गणीदार. हिशेब मांडू. २५ युजर, १,४०० रुपये, म्हणजे वर्षाला ४ लाख २० हजार, पाच वर्षांत २१ लाख. पहिलं कोटेशन १८ लाखांचं, पहिलं वर्ष वॉरंटीत धरून पुढची चार वर्षं एएमसी ३ लाख २४ हजारांप्रमाणे, एकूण जवळपास ३१ लाख, सर्व्हर वेगळा. दुसरं त्याच हिशेबाने ५३ लाखांवर. सास स्वस्त दिसतं, पण त्यात तीन फटी असतात. सुरुवातीची बसवणूक आणि ट्रेनिंग बहुधा वेगळं. दुसऱ्या वर्षापासून दर किती टक्के वाढवता येईल याची मर्यादा लिहिलेली नसते. आणि सोडून जाताना डेटा कशात मिळणार? ‘पीडीएफ रिपोर्ट’ म्हणाले तर नको. सगळी टेबलं एक्सेल किंवा सीएसव्हीत, मागेल तेव्हा, फुकट, आणि करार संपल्यावर ९० दिवस उपलब्ध. व्हेंडर लॉक-इन म्हणतात ते हेच कुलूप, आणि त्याची किल्ली सही करायच्या आधीच मागायची असते.

दुसऱ्या कोटेशनातल्या ‘सोर्स कोडसह’ या शब्दांवर १३ लाख जास्त टाकण्याआधी हे वाचा. गाडी कंपनीने पैसे दिलेली डाय तुमच्या शेडमध्ये असते, तिच्यावर त्यांचा टॅग असतो आणि ती तुमची नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. सॉफ्टवेअरमध्ये पैसे देऊन असा टॅग आपोआप लागत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे बाहेरच्या कंपनीकडून लिहून घेतलेल्या प्रोग्रॅमचा मालक सर्वसाधारणपणे लिहिणाराच राहतो. हक्क तुमच्याकडे यायचे तर त्यांच्या सहीचा लेखी करार लागतो. त्यातही मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून ‘सोर्स कोड देऊ’ म्हणजे नक्की काय? फाइली पेन ड्राइव्हवर, की कायमचे हक्क? त्यांच्या मूळ उत्पादनाचे हक्क ते देणार नाहीत, देऊही नयेत. तुमच्यासाठी लिहिलेल्या भागाचे मागा. आणि खरं सांगू? तुमच्याकडे तो कोड वाचणारा माणूस नाही. हक्क मिळाले तरी दुरुस्तीला त्यांच्याकडेच जावं लागेल. त्यापेक्षा ते दुकान बंद करून गेले तरच कोड तुमच्या हाती यावा, अशी त्रयस्थाकडे ठेवण्याची सोय, तिला एस्क्रो म्हणतात, बरीच स्वस्तात होते.

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर, तेही विचारून बघा. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट जीपीएल परवान्याखाली खुलं आहे. लायसन्स फी नाही, पैसे बसवणाऱ्याला द्यायचे. मोठा फायदा असा की बसवणारा आवडला नाही तर दुसरा शोधता येतो. तोटा तोच, बसवणाऱ्यांच्या दर्जात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

‘टेक्निकल डेट’ हा शब्द वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये वापरला. आत्ता घाईत जुळवून घेतो, नंतर नीट करू, आणि ते ‘नंतर’ येईपर्यंत प्रत्येक नवा बदल महाग पडतो. गो-लाइव्हच्या, म्हणजे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष चालू करायच्या, वेळी अशी उधारी होतेच. तिची यादी लेखी मागा, एवढं पुरे. मायक्रोसर्व्हिसेस, ब्लॉकचेन, ‘एआय-सक्षम’ यांवर मी तुमचा वेळ घेत नाही. २५ युजरच्या कारखान्याला पहिल्या दोनांची गरज नाही, आणि एआय नेमकं काय ठरवतं आणि ते चुकलं तर कोण दुरुस्त करतं हे विक्रेत्याला सांगता आलं नाही तर त्याचे पैसे देऊ नका. व्हीएपीटी म्हणजे घुसखोरीची चाचणी, तिचा गेल्या वर्षभरातला अहवाल मात्र मागा. जर्मन गाडी कंपन्या पुरवठादारांकडून टिसॅक्स, म्हणजे माहितीच्या सुरक्षेची तपासणी, मागतात, तुमच्या ग्राहकाने तो विषय काढला असेल तर विक्रेत्याला आत्ताच सांगा, नंतर तो सीआर होईल.

माझा कल विचारलात तर, कागदावर जे दिसतंय त्यावरून तिसऱ्याकडे, डेटा बाहेर काढायची आणि दरवाढीच्या मर्यादेची कलमं मिळाली तर. दुसरं मी नाकारलं असतं. पहिल्याला बाद करू नका, त्यांना एएमसी १२ टक्क्यांवर आणता येते का बघा आणि जॉबवर्कचा, म्हणजे प्लेटिंगला बाहेर गेलेल्या मालाचा, हिशेब आत्ता आहे की करून देणार ते विचारा.

पण कोणालाही होकार देण्याआधी त्यांचा ठरलेला डेमो बघू नका, तो सगळ्यांचाच छान असतो. तुमचा सगळ्यात किचकट पार्ट निवडा: दोनदा प्लेटिंगला जाणारा, मधे रिवर्कला येणारा, ज्याचं रिव्हिजन गेल्या वर्षी बदललं. त्याची कास्टिंगच्या जीआरएनपासून (माल आल्याची नोंद) ई-इन्व्हॉइसपर्यंतची खरी कागदपत्रं तिघांनाही द्या, आठवडा द्या, आणि भोसरीत येऊन तुमच्या स्टोअर्सच्या माणसाकडून एंट्र्या करून घ्यायला सांगा. त्यांच्या इंजिनिअरने कीबोर्डला हात लावायचा नाही.